तलावांच्या मुलखात प्लास्टिकचे चूर्ण



चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे नाव निघाले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम अरण्य उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु जुन्या जमाबंदीची दप्तरे ज्याने चाळली आहेत, अथवा भाद्रपदात नागभीडहून मूलपर्यंतचा प्रवास ज्याने डोळे उघडे ठेवून केला आहे, त्याला हा मुलूख जितका झाडांचा तितकाच साठविलेल्या पाण्याचा आहे हे निराळे सांगावे लागत नाही. जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने द्यावयाची अशी वहिवाट गोंड राजांनी पाडली. कोहळी समाजाने पाळी बांधण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या जतन केली. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, अमलात हे तलाव गावाच्या शेतीचे, गुरांचे आणि मासेमारीचे आधार होऊन राहिले. आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येऊन ते सरकारजमा झाले, तेव्हापासून 'माजी मालगुजारी तलाव' या काहीशा उदास नावाने ते सरकारी कागदांत वावरत आहेत. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सुमारे ७ हजार सांगितली जाते, आणि गावोगावच्या लहान बोड्या धरल्या तर ती कितीतरी वाढेल. या पाण्यात अलीकडे जो एक नवा पदार्थ शिरला आहे, आणि ज्याचा प्रवेश कोणत्याही दप्तरात नोंदला गेलेला नाही, त्याविषयी आज आपल्यापुढे बोलावे अशी माझी इच्छा आहे.

प्लास्टिक ही वस्तू आपल्या आयुष्यात इतकी मिसळून गेली आहे की तिचे वय आपण विसरलो आहोत. पॉलिथिन प्रथम हाती लागले ते १९३३ साली इंग्लंडमधील एका रसायनशाळेत, आणि नायलॉन निर्माण झाले ते १९३५ साली अमेरिकेत; म्हणजे इंग्रजी अमदानीत आसोला-मेंढा आणि घोडाझरी येथील तलाव बांधले गेले तेव्हा या दोहोंपैकी एकही पदार्थ पृथ्वीवर नव्हता. लाकूड कुजते, सूत कुजते, कातडे कुजते, कारण त्यांना खाऊन पचविणारे सूक्ष्म जीव निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडविले आहेत. पॉलिथिनच्या दीर्घ रेणुशृंखला झपाट्याने तोडू शकेल असा जीव मात्र मातीत किंवा पाण्यात सहसा नाही. ऊन तिला ठिसूळ करते, वाळू आणि प्रवाह तिला घासतात, आणि पन्नीचे तुकडे, तुकड्यांचे कण, कणांचे अतिसूक्ष्म कण असा तिचा प्रवास होतो. परंतु या प्रवासात वस्तूचे रूप तेवढे नाहीसे होते, पदार्थ जागच्या जागीच राहतो. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली या कणांना 'मायक्रोप्लास्टिक' हे नाव देऊन जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. ५ मिलिमीटरहून लहान कण तो मायक्रोप्लास्टिक असे शास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीत १ मायक्रॉनपासून १००० मायक्रॉनपर्यंतचा, पाण्यात न विरघळणारा घन कण अशी त्याची व्याख्या घातली आहे. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. यावरून लक्षात येईल की ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत त्याचा फार मोठा भाग डोळ्यांना दिसणारच नाही.

चंद्रपूरकरांना न दिसणाऱ्या धुळीची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या मागोमाग ८३.८८ गुणांनी चंद्रपूर चौथे आले, ही गोष्ट येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहे. कोळसा, राख आणि धूर यांच्याविरुद्ध बोलणारी माणसे या शहराने निर्माण केली. परंतु राखेला उगम आहे, चिमणी आहे, तिच्यावर बोट ठेवता येते. प्लास्टिकच्या चूर्णाला असा एक उगम नाही, आणि म्हणूनच त्याचा जाब कोणाला विचारावा हे ठरविण्यात आपला सर्व विचार अडतो.

तरी एक गोष्ट नकाशा उघडला की स्वच्छ दिसते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. नागपूर नगरीच्या मध्यातून वाहत, तिचे सांडपाणी पोटात घेत जाणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. आणि ते सर्व पाणी पवनीजवळ, १९८८ साली ज्याची कोनशिला बसविली गेली त्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात येते. तेथून सुटलेली वैनगंगा ब्रह्मपुरी आणि आरमोरी यांच्या शिवारांतून, गडचिरोलीच्या जवळून, मार्कंड्याच्या देवळांपाशी उत्तरवाहिनी होऊन चपराळ्याला पोहोचते. इकडे चंद्रपूर शहराचे पाणी झरपट आणि इरई या नद्यांनी वर्धेत जाते, आणि वर्धा त्याच चपराळ्याच्या संगमावर वैनगंगेला भेटून दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. याचा अर्थ असा की, लाखो माणसांच्या घरांत धुतलेल्या कपड्यांचे तंतू, झिजलेल्या टायरांची भुकटी आणि फाटलेल्या पिशव्यांचे कण ज्या वाटेने समुद्राकडे जातात, त्या वाटेवर देशात सर्वात कमी प्लास्टिक वापरणाऱ्या लोकांपैकी काही लोक राहतात. वापर वरच्या अंगाला आणि साठा खालच्या अंगाला, ही वाटणी अन्याय्य आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा हाच आहे.

नद्यांनी समुद्राला काय नेऊन दिले याचा अंदाज करण्याचे प्रयत्न झाले आहेत. गंगेच्या उगमापासून मुखापर्यंत केलेल्या एका अभ्यासात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या संयुक्त मुखातून दररोज १ ते ३ अब्ज कण समुद्रात जात असावेत असा निष्कर्ष निघाला. केरळातील वेंबनाड सरोवराच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि तेथे तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी हे कण सापडले. नदी वाहती असते आणि ती आपले ओझे पुढे ढकलते. तलावाचे तसे नसते. तलाव घेतो आणि ठेवतो. नायलॉन व पॉलिएस्टर पाण्याहून जड असल्यामुळे त्यांचे तंतू तळाशी बसतातच, परंतु पाण्याहून हलके असलेले पॉलिथिनसुद्धा फार दिवस तरंगत राहत नाही. त्याच्यावर शेवाळाचा आणि जिवाणूंचा थर चढतो, कण जड होतो आणि तोही गाळात जातो. म्हणून ज्या जलाशयाला सांडव्याखेरीज बाहेर जाण्याची वाट नाही, त्याचा तळ हा आसमंतातील सर्व प्लास्टिकचा अखेरचा मुक्काम ठरतो.

येथे एक विषय मुद्दाम काढला पाहिजे. तलावातील गाळ काढून तो शेतात पसरण्याची आपली रीत जुनी आणि शहाणपणाची आहे, आणि राज्य सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेने तिला राजमान्यता दिली. ही योजना थांबवावी असे मी मुळीच म्हणणार नाही; परंतु वस्तीच्या सांडपाण्याने भरलेल्या तलावाचा गाळ आणि रानातल्या बोडीचा गाळ यांत यापुढे भेद करावा लागेल, कारण पहिल्या गाळाबरोबर बांधीत गेलेले कण नांगरटीने मातीत मिसळतील, आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्यांतले काही धुऱ्यांवरून वाहत पुन्हा पाण्याला येऊन मिळतील. चंद्रपूरच्या रामाळा तलावासाठी २०२१ साली इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी उपोषण केले, तेव्हा सांडपाणी, जलपर्णी आणि गाळ हे तीन शब्द सर्वांच्या तोंडी होते. त्या गाळात आणखी काय असते हा प्रश्न आता त्यांच्या जोडीला मांडला गेला पाहिजे.

आता खेड्याकडे वळू. कारण दोष सर्वस्वी शहराचा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी ते खरे नाही. पूर्वी ढिवर बांधवांची जाळी सुताची आणि तागाची असत. ती दर वर्षी दुरुस्त करावी लागत, आणि जीर्ण झाली की कुजून मातीत जात. नायलॉनचे जाळे हलके, स्वस्त आणि चिवट आहे, त्याने कष्ट वाचविले यात संशय नाही. परंतु ते झुडपाच्या खुंटाला अडकून फाटले म्हणजे जो तुकडा पाण्यात राहतो तो मासे अडकवीत राहतो आणि हळूहळू झिजून तंतू सोडीत राहतो. खताच्या चुंगड्या माती भरून फुटलेल्या बांधाला लावतात. दोन उन्हाळ्यांत त्यांचे विणकाम उसवून पट्ट्या वाऱ्यावर उडू लागतात. घाटावर धुतल्या जाणाऱ्या साड्या आता बहुधा पॉलिएस्टरच्या असतात, कारण गरिबाला परवडणारे वस्त्र तेच उरले आहे. प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ साली प्रयोग करून दाखविले की कृत्रिम धाग्याचे ६ किलो कपडे यंत्रात एकदा धुतले असता ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. यात त्या धुणारीचा अपराध काय? लोहखनिजाने भरलेल्या मालमोटारी आल्लापल्ली आणि आष्टीच्या रस्त्यांवरून जातात तेव्हा त्यांच्या टायरांची झीज रस्त्याकडेच्या नाल्यांत उतरते. आणि टायरातील एका रसायनापासून बनणारे द्रव्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सॅमन या माशांना पहिल्या पावसातच मारून टाकते, हे २०२० साली सिद्ध झाले आहे. आपल्या मरळीला आणि मुरीला ते किती बाधते हे येथेच तपासले पाहिजे. सॅमनवरून त्याचे अनुमान करता येणार नाही.

आणि खर्रा! या दोन जिल्ह्यांत खर्ऱ्याविषयी न बोलता प्लास्टिकविषयी बोलणे हा कर्तव्याला चुकण्याचा प्रकार होईल. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीच्या तुकड्यात घेऊन घोटायचा, त्याच पन्नीत बांधून विकायचा, आणि खाणाऱ्याने ती पन्नी जेथे असेल तेथे टाकायची, असा हा व्यवहार प्रत्येक पानटपरीवर दिवसभर चालतो. तंबाखूमुळे मुखाचे जे होते ते तर भयंकरच आहे, आणि गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' अभियानाने त्याविरुद्ध गावोगाव जे काम उभे केले आहे त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु घोटताना घासली जाणारी ती पातळ पन्नी स्वतःही झिजते, आणि टाकलेल्या पन्न्या पहिल्या पुराबरोबर नाल्यातून तलावात जातात, ही बाजूही त्या अभियानाच्या शिकवणीत यावी. गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली बंदी झाली, आणि गुटख्यावरच राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्ऱ्याची पन्नी मात्र त्या दोन्ही बंदींच्या मधून निसटून गेली.

पाण्यात शिरलेला कण जीवसृष्टीत कसा शिरतो? जलपिसू आणि इतर प्राणिप्लवक पाणी गाळून अन्न घेतात. त्यांना शेवाळाची पेशी आणि त्याच आकाराचा प्लास्टिकचा कण यांतला फरक कळत नाही. कणाने पोट भरते आणि पोषण होत नाही; प्रयोगशाळांत अशा प्राण्यांची वाढ आणि प्रजनन मंदावल्याचे दिसले आहे, जरी त्या प्रयोगांत अनेकदा निसर्गातल्यापेक्षा अधिक कण वापरलेले असतात हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्लवकांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. शिवाय प्लास्टिक करताना त्यात मऊपणासाठी, रंगासाठी, उन्हात टिकण्यासाठी जी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यांतली थॅलेट आणि बिस्फेनॉल यांसारखी काही शरीरातील संप्रेरकांच्या व्यवहारात ढवळाढवळ करतात. आणि तेलात विरघळणारी कीटकनाशके अशा कणांच्या पृष्ठभागावर गोळा होतात. धानाच्या शिवारातून येणाऱ्या पाण्यात ती असतातच.

कण मुख्यतः माशाच्या आतड्यांत सापडतात, आणि रोहू किंवा कातला आपण पोट साफ करून खातो, त्यामुळे मोठ्या माशाबरोबर ते फारसे ताटात येत नाहीत. परंतु झिंगे, बोटाएवढी मासळी आणि शिंपले आतड्यांसकट खाल्ले जातात. वाळवून ठेवलेली ही बारीक मासळीच पावसाळ्यात गोरगरिबांच्या भाजीला चव आणि शरीराला कॅल्शियम देते. म्हणजे येथेही भार गरिबाच्याच ताटावर अधिक पडण्याचा संभव आहे. तथापि, हे ऐकून कोणीही ढिवराच्या टोपलीतली मासळी घेणे सोडू नये. कुपोषणाने येथे बालके दगावतात हे सिद्ध आहे; मासळीतील कणांनी होणारी हानी अजून तशी सिद्ध झालेली नाही, आणि सिद्ध भुकेपुढे संभाव्य विषाची भीती घालणे हे शास्त्राला आणि माणुसकीला सोडून होईल.

मग माणसाच्या शरीराविषयी काय ठाऊक आहे? २०२१ साली इटलीतील संशोधकांना प्रसूतीनंतरच्या ६ वारांपैकी (प्लॅसेंटांपैकी) ४ वारांत हे कण आढळले. २०२२ साली नेदरलँड्समध्ये तपासलेल्या २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकची रेणुद्रव्ये आढळली. आणि २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतूनच एक अभ्यास आला, ज्यात मानेतील धमनीच्या शस्त्रक्रियेत काढलेला मेदाचा थर २५७ रुग्णांत तपासला. सुमारे ५८ टक्क्यांच्या थरात पॉलिथिन सापडले, आणि ज्यांच्यात कण होते त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे त्या अभ्यासकांनी स्वतःच म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ आणि २०२२ च्या अहवालांत पुरावा अपुरा असल्याचे सांगून अधिक संशोधनाची मागणी केली आहे. परंतु अपुरा पुरावा म्हणजे निर्दोषतेचा दाखला नव्हे. जो पदार्थ एकदा गाळात गेला की परत काढता येत नाही, त्याच्या बाबतीत पूर्ण पुराव्याची वाट पाहणे म्हणजे चूक दुरुस्त करण्याची संधीच गमावणे होय.

कायद्यांची उणीव नाही. मुंबईतील २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर राज्याने २००६ चा कायदा केला. २३ मार्च २०१८ ला व्यापक बंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तू बंद झाल्या. पिशवीची जाडी ५० मायक्रॉनवरून ७५ आणि पुढे १२० मायक्रॉन झाली. या सर्वांतून पिशवी जाड झाली, म्हणजे तिचे चूर्ण होण्यास अधिक वर्षे लागतील. चूर्ण व्हावयाचे टळले नाही. आणि अंमलबजावणीचा सोटा बहुधा भाजीवाल्या बाईच्या आणि पानटपरीवाल्याच्या पाठीवर बसतो. ज्या पुड्या खेड्यात परत गोळा होण्याची कोणतीच सोय नाही त्या पुड्या खेड्यात पाठविणाऱ्या कारखानदारापर्यंत तो पोहोचत नाही. जगाच्या पातळीवर २०२२ साली नैरोबीत राष्ट्रांनी प्लास्टिकविषयक करार करण्याचे ठरविले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हातील वाटाघाटीही निर्णयावाचून संपल्या. त्या कराराची वाट पाहत आसोला-मेंढ्याने थांबावे असे मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या लहान आणि स्थानिक आहेत. नाग नदीत सांडपाणी सोडणाऱ्या शहराने ते शुद्ध केल्याखेरीज सोडू नये, आणि शुद्धीकरणाचे मोजमाप करताना कणांचेही मोजमाप करावे. चांगली शुद्धीकरण केंद्रे पाण्यातील बहुतांश कण अडवितात, परंतु ते तेथील गाळात उतरतात, तेव्हा त्या गाळाची विल्हेवाट हाही त्याच जबाबदारीचा भाग समजावा. मच्छीमार सहकारी संस्थांनी जुनी नायलॉन जाळी परत घेऊन नव्या जाळ्याच्या किमतीत सूट द्यावी, आणि तो खर्च मत्स्यव्यवसाय खात्याने सोसावा. गोंडवाना विद्यापीठाने आणि येथील महाविद्यालयांनी निवडक तलावांचा गाळ दर वर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासण्याचे व्रत घ्यावे. चाळणी, मिठाचे संपृक्त द्रावण आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीत या तपासणीचा पहिला टप्पा पार पडतो, आणि विज्ञानाच्या पदवी वर्गातले विद्यार्थी ती करू शकतील.

राहिला अधिकाराचा प्रश्न. जुन्या मध्यप्रांतात प्रत्येक गावच्या वाजिब-उल-अर्जात पाणी कोणी कसे घ्यावे, मासळी कोणी धरावी, याची वहिवाट लिहून ठेवीत असत, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांचे पत्रक) व वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही विदर्भासाठी कायम ठेवले आहेत. त्याहून बळकट आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा आहे: जलाशयातील मासळीवरचा सामूहिक हक्क तो मान्य करतो, आणि त्याच्या ५व्या कलमाने आपले पाणलोट क्षेत्र व जलस्रोत सुरक्षित राहतील हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर गडचिरोलीतील शेकडो गावांनी तो मिळविला. बांबू आणि तेंदूपत्ता यांचा हिशेब ज्यांनी ठेकेदाराकडून स्वतःच्या हाती घेतला, त्यांना तलावाचा हिशेब अवघड नाही. खर्ऱ्याच्या पन्नीला गावबंदी, फाटक्या जाळ्यांचा हिशेब, गाळ काढण्यापूर्वी त्याची तपासणी, आणि वरच्या अंगाच्या नगरपालिकांना व महानगरपालिकेला लेखी विचारणा, हे चार ठराव करण्यास नवा कायदा लागत नाही. तरी आपण जे या सभेतून आपापल्या गावी परत जाणार आहात, त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत आपल्या तलावाचे नाव घालून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.